शिवालिकच्या पायथ्याशी राजधानी

४ एप्रिल १९०५. सकाळचे सव्वासहा नुकतेच वाजून गेले होते. कांगडा खोऱ्यात अजून गारठा होता आणि बहुतेक माणसं घरातच होती, बरीचशी अंथरुणात. जमीन हलली तशा मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि त्यांच्यावरची स्लेटच्या पाट्यांची जड छपरं झोपलेल्या माणसांवर आली. कांगड्याचा किल्ला, ब्रजेश्वरीचं देऊळ, बाजारपेठ, धरमशाळेची गुरखा पलटणीची छावणी यांचा पाहता पाहता ढिगारा झाला. मृतांची संख्या वीस हजारांच्या घरात गेली. कांगडा तेव्हा पंजाब प्रांतातला जिल्हा होता. प्रांताची राजधानी लाहोर बरीच लांब होती, तरी तिथल्या इमारतींनाही तडे गेले. रेल्वे पठाणकोटपर्यंतच होती, त्यामुळे मदत पुढे डोंगरी रस्त्यानं न्यावी लागली.

त्या दिवशी मुंबईतही एक सुई हलली. कुलाबा वेधशाळेत १८९८ मध्ये मिल्न यांच्या पद्धतीचं भूकंपमापक बसवलं होतं, आणि वेधशाळेचे संचालक होते नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस. अशी यंत्रं तेव्हा देशात मोजक्याच ठिकाणी होती: कुलाब्याला, कलकत्त्याजवळ अलीपूरला आणि दक्षिणेत कोडाईकनालला. हिमालयाच्या पोटात काय घडलं याची यांत्रिक नोंद घेणारे सगळे कान हिमालयापासून इतके दूर होते. जवळ जाऊन पाहायचं काम चालत्या माणसांनाच करावं लागलं.

ते काम भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या चार्ल्स स्ट्युअर्ट मिडलमिस यांच्याकडे आलं. गढवाल-कुमाऊँच्या पायथ्याच्या टेकड्यांवर त्यांनी आधी बरंच काम केलं होतं, त्यामुळे या डोंगरांची ठेवण त्यांना ठाऊक होती. कुठली भिंत कुठल्या दिशेनं पडली, कुठल्या गावात छप्पर उरलं, कुठे नुसती भांडी वाजली, अशा शेकडो नोंदी जुळवून त्यांनी धक्क्याच्या तीव्रतेचे नकाशे काढले. तेव्हाच्या रॉसी-फोरेल मोजपट्टीवर त्यांनी गावागावाला अंक दिले. त्यांचा मोठा अहवाल १९१० मध्ये सर्वेक्षणाच्या ग्रंथमालेचा अडतिसावा खंड म्हणून निघाला. आजही कांगड्याच्या भूकंपावर लिहिणाऱ्या कुणालाही तो उघडावाच लागतो.

त्या नकाशात एक गोष्ट चटकन नजरेत भरते. विध्वंसाचे प्रदेश दोन आहेत. एक कांगडा-कुलूचा, दुसरा तिथून सुमारे अडीचशे किलोमीटरवर डेहराडून-मसुरीच्या बाजूला. मधल्या पट्ट्यात नुकसान त्या मानानं कमी. या मधल्या पट्ट्यात, शिवालिक टेकड्या संपून पंजाबचं मैदान सुरू होतं तिथे, अंबाला जिल्ह्यातली काही खेडी होती, शेतं होती, आमराया होत्या आणि पावसाळ्यात घोंघावत येणारे दोन-तीन ओढे होते. तिथे एक राजधानी उभी राहील असं तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. मिडलमिस यांच्या दृष्टीनं ती जागा दोन दुर्घटनांच्या मधली रिकामी जागा होती.

आज ती रिकामी जागा म्हणजे चंडीगड, आणि माझ्या मते या शहराच्या सुरक्षिततेचा सगळा इतिहास याच रिकामेपणाचा अर्थ लावण्याचा इतिहास आहे. धक्का कमी बसला म्हणजे जागा सुरक्षित, असा एक अर्थ. तिथला ताण अजून मोकळा व्हायचा आहे, असा दुसरा. पहिल्या अर्थाकडून दुसऱ्याकडे यायला शंभर वर्षं लागली, आणि त्या शंभर वर्षांत शहर बांधून झालं.

या टेकड्यांबद्दलचं ज्ञान त्याहूनही जुनं होतं. गंगा आणि रावी या दोन नद्यांच्या दरम्यान हिमालयाची दक्षिण कड कशी बनलेली आहे, यावर हेन्री मेडलिकॉट यांनी १८६४ मध्ये सविस्तर लिहिलं होतं. जुने खडक पायथ्याच्या कोवळ्या खडकांना जिथे भिडतात ती मोठी सीमा त्यांनी आखून दाखवली. कालक्याजवळून शिमल्याच्या वाटेला लागलेला प्रवासी थोड्याच वेळात ही सीमा ओलांडतो. आणि टेकड्यांतून उतरणाऱ्या पाण्याचा उपद्रव तर सरकारला इतका जाणवला होता की १९०० मध्ये पंजाबात त्यासाठी खास कायदा झाला. शिवालिकमधून येणाऱ्या या हंगामी ओढ्यांना तिथे चो म्हणतात. वर्षाचे आठ-नऊ महिने कोरडं वाळूचं पात्र, आणि पावसात दगड-वाळू घेऊन शेतं गाडणारा लोंढा. झाडं तोडली, बकऱ्या मोकाट सोडल्या, की चो रुंदावत जातो हे तेव्हाच लक्षात आलं होतं आणि कायद्यानं तोडीवर नि चराईवर बंधनं घातली. म्हणजे जमिनीच्या आतलं आणि जमिनीवरचं, दोन्ही संकटांचं ज्ञान पंजाबच्या दप्तरात होतं. फक्त ते वेगवेगळ्या कपाटांत होतं.

डोंगरातल्या गवंड्यांजवळही स्वतःचं ज्ञान होतं. कुलू खोऱ्यातला नग्गरचा वाडा १९०५ मध्ये टिकला. दगडाचा थर, त्यावर देवदाराच्या तुळया, पुन्हा दगड, कोपऱ्यांवर तुळया एकमेकींत अडकवलेल्या, अशी ती काठकुणी बांधणी. भिंत हलते, करकरते, पण विस्कटत नाही. कांगड्यात मेलेली माणसं बहुतेक दुसऱ्या प्रकारच्या भिंतींखाली मेली.

मग क्वेट्टा. बलुचिस्तानात १९३१ च्या ऑगस्टमध्ये माच इथं भूकंप झाला, आणि त्यानंतर रेल्वेनं एस. एल. कुमार नावाच्या एका तरुण अभियंत्याला भूकंप सोसणारी घरं आखायला सांगितलं. धक्क्यात इमारतीवर आडवं बळ किती येईल याचा हिशेब करून, त्या बळाला पुरे पडेल असा सांगाडा देऊन त्यांनी क्वेट्ट्याला रेल्वेची निवासस्थानं बांधवली. ही सगळी मांडणी त्यांनी १९३३ मध्ये लाहोरच्या पंजाब इंजिनिअरिंग काँग्रेसपुढे निबंधरूपानं ठेवली. दोनच वर्षांनी, ३१ मे १९३५ च्या पहाटे, क्वेट्टा शहर जमीनदोस्त झालं. किमान तीस हजार माणसं मेली. कुमार यांनी आखलेली रेल्वेची घरं मात्र उभी राहिली. भारतीय उपखंडात हिशेबानं बांधलेल्या घरानं मोठ्या भूकंपाची परीक्षा उत्तीर्ण केल्याचं हे पहिलं ठळक उदाहरण. त्यानंतर क्वेट्टा नव्यानं बांधताना अशा बांधणीचे नियम लागू झाले, आणि विटांच्या पोकळीत सळ्या घालून भरण्याची एक पद्धत 'क्वेट्टा बाँड' या नावानं अभियांत्रिकीच्या पुस्तकांत कायमची गेली.

बारा वर्षांनी फाळणी झाली. क्वेट्टा गेलं, लाहोर गेलं. लाहोरबरोबर विद्यापीठ गेलं, न्यायालय गेलं, कचेऱ्या, ग्रंथालयं आणि अभियंत्यांची ती सभाही गेली. पूर्व पंजाबच्या सरकारला बसायला जागा नव्हती. शिमल्यात तात्पुरता संसार मांडून ते लाखो निर्वासितांच्या वस्तीचा प्रश्न सोडवत होतं. अशा घाईत राजधानीसाठी जागा शोधायची होती. अंबाला, जालंधर, लुधियाना, अमृतसर अशी नावं चर्चेत येत होती. कुठे सीमा फार जवळ, कुठे पाणी अपुरं, कुठे जुन्या गावावर नव्या वस्तीचा भार. शेवटी प्रशासक पी. एन. थापर आणि मुख्य अभियंता पी. एल. वर्मा यांनी विमानातून प्रदेश पाहून शिवालिकच्या पायथ्याची ही जागा सुचवली. १९४८ मध्ये ती मुक्रर झाली.

निवडीची जी कारणं पुढे सगळ्यांनी नोंदवली ती खरोखर शहाणपणाची होती. पाकिस्तानच्या सीमेपासून अंतर. दिल्लीशी आणि डोंगराशी रेल्वेनं संबंध. ईशान्येकडून नैऋत्येकडे हलका उतार, त्यामुळे सांडपाण्याची सोय. जमिनीखाली पाणी. जवळच दगड, वाळू, विटांची माती. मागे कसौलीच्या डोंगरांचा देखावा. या यादीत भूकंप नाही. यासाठी थापर-वर्मांना दोष देणं मला अन्यायाचं वाटतं. १९४८ च्या पंजाबात माणसाच्या जिवाला ज्याची भीती होती, ती भीती जमिनीतून येत नव्हती. सीमा हाच तेव्हा सगळ्यात मोठा भ्रंश होता. पण त्या यादीतल्या प्रत्येक गुणाची दुसरी बाजू जमिनीत होती हेही खरं. तो सुंदर उतार, ती वाळू आणि ते गोटे चो आणि घग्गर नदी यांनी डोंगरातून आणून पसरलेले होते. तो देखावा उभा राहिला कारण डोंगर अजून उचलला जात होता.

केंद्रात त्या वेळी बांधकाम, खाणी आणि वीज ही खाती काकासाहेब गाडगीळ यांच्याकडे होती. पुढे १९५८ ते १९६२ या काळात ते पंजाबचे राज्यपाल म्हणून चंडीगडलाच राहिले. पुण्याचा हा माणूस तिथे गेला तेव्हा शहर अर्धं उभं होतं. राज्यपालासाठी वास्तुविशारद ल कॉर्बुझिए यांनी आखलेला प्रासाद काही बांधला गेला नाही. लोकशाहीत तो शोभणार नाही असं नेहरूंचं मत पडलं. बाकीचं मात्र उठत होतं.

आधी अमेरिकन नगररचनाकार अल्बर्ट मेयर यांनी आराखडा केला होता. त्यांचे सहकारी मॅथ्यू नोविकी ३१ ऑगस्ट १९५० रोजी इजिप्तमध्ये विमान अपघातात गेले, आणि नवे वास्तुविशारद शोधायला थापर आणि वर्मा युरोपात गेले. कॉर्बुझिए, त्यांचे चुलतभाऊ पिअर जाँनेरे, मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्रू आले. १९५१ च्या फेब्रुवारीत नवा आराखडा झाला. ७ ऑक्टोबर १९५३ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी शहराचं उद्घाटन केलं. उच्च न्यायालय १९५५ मध्ये तयार झालं आणि सचिवालय १९५८ मध्ये.

सचिवालयाच्या इमारतीजवळ थोडं थांबायला हवं. लांबी २५४ मीटर, उंची ४२ मीटर. लांबून ती एकच अखंड भिंत वाटते, पण खरं तर ते सहा वेगवेगळे ठोकळे आहेत आणि मध्ये प्रसरणासाठी फटी सोडल्या आहेत. पंजाबच्या उन्हात काँक्रीट फुगतं, हिवाळ्यात आकसतं. त्यासाठी ही सोय. भूकंपात याच फटींचं काम बदलतं. शेजारशेजारचे दोन ठोकळे आपापल्या तालात झुलू लागले आणि फट अरुंद असली, तर ते एकमेकांवर आदळतात. फट किती हवी हे उन्हाचा हिशेब एक सांगतो, धक्क्याचा हिशेब दुसरं. १९५८ पर्यंत भारतात धक्क्याच्या हिशेबाचं राष्ट्रीय मानकच नव्हतं.

ते यायला आणखी चार वर्षं होती. रुडकीला जय कृष्ण यांनी भूकंप अभियांत्रिकीचा पाया घातला. १९५९ मध्ये त्या विषयाचं देशातलं पहिलं परिसंवादसत्र तिथे भरलं, १९६० मध्ये स्वतंत्र शाळा निघाली, आणि १९६२ मध्ये भारतीय मानक १८९३ प्रसिद्ध झालं. इमारतींच्या बांधणीतले बारकावे, म्हणजे भिंतींना सर्वत्र बांधून घेणारा लिंटेलच्या पातळीवरचा काँक्रीटचा पट्टा वगैरे, सांगणारं मानक ४३२६ आलं ते १९६७ मध्ये. तोवर चंडीगडच्या पहिल्या टप्प्यातली कितीतरी सरकारी घरं, फ्राय-ड्रू-जाँनेरे यांची ती देखणी विटांची घरं, लोक राहायला येऊन जुनी होऊ लागली होती. तीस वर्षांपूर्वी लाहोरच्या सभेत वाचलेला निबंध आणि लाहोरच्या बदल्यात उभारलेली राजधानी यांची वेळेवर गाठ पडली नाही, याची मला फार हळहळ वाटते.

१९६७ च्या डिसेंबरात कोयनेनं सगळ्यांची झोप उडवली. ११ तारखेच्या पहाटे भूकंपानं कोयनानगर उद्ध्वस्त झालं. दख्खनचं पठार म्हणजे अचल, ही समजूत त्या दिवशी गेली. भारतीय मानकाच्या आधीच्या आवृत्त्यांतल्या भूकंप-नकाशांत 'शून्य' नावाचा एक विभाग होता, म्हणजे जिथे भूकंपाचं भय नाही असा. कोयनेनंतर १९७० च्या आवृत्तीत तो शून्य पुसून टाकला. १९९३ मध्ये किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा लातूर-धाराशिवचा तो भाग नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. २००२ मध्ये तो पहिला विभागही दुसऱ्यात विलीन झाला. महाराष्ट्राच्या माणसांनी दोनदा जीव देऊन देशाचा नकाशा दुरुस्त केला असं म्हणायला हरकत नाही.

चंडीगडची गोष्ट याच्या नेमकी उलट. तिथे नकाशानं आधीच सांगितलं. शहर चौथ्या विभागात, मुंबई-पुण्याच्या तिसऱ्या विभागाच्या एक पायरी वर. २००२ च्या आवृत्तीच्या हिशेबात तिसऱ्या विभागाला ०.१६ हा गुणक, चौथ्याला ०.२४. म्हणजे तशीच इमारत मुंबईऐवजी चंडीगडला बांधली तर दीडपट आडव्या बळासाठी ती आखायला हवी. नकाशा बरोबर होता. माणसांच्या आठवणीत मात्र काही नव्हतं. १९०५ नंतर इथे येऊन राहिलेली पुष्कळ कुटुंबं रावळपिंडी, लाहोर, ल्यालपूरहून आलेली. त्यांच्या आजी-आजोबांच्या गोष्टींत फाळणी होती, या जमिनीच्या हालचालीची गोष्ट नव्हती. १९७५ चा किन्नौर, १९९१ चा उत्तरकाशी, १९९९ चा चमोली, २००५ चा काश्मीर, असे धक्के येत राहिले, पंखे डोलले, माणसं खाली उतरली आणि पुन्हा वर गेली.

जमिनीची स्वतःची आठवण खणून काढावी लागली. नव्वदच्या दशकापासून भूवैज्ञानिकांनी शिवालिकच्या कडेनं चर खणायला सुरुवात केली. पद्धत साधी, पण डोळा तयार हवा. भ्रंशरेषेला आडवा खोल चर घ्यायचा, भिंती तासून साफ करायच्या आणि थर वाचायचे. जुना थर नव्यावर चढलेला दिसला तर मधल्या काळात जमीन फुटली होती. थरातल्या कोळशाच्या कणांवरून वय काढायचं. चंडीगडच्या आग्नेयेला काला अंब इथं, मार्कंडा नदीजवळ, सेंथिल कुमार, स्टीव्हन वेस्नौस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा अभ्यास केला आणि २००१ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात तो छापला. गेल्या साडेसहाशे वर्षांत तिथे जमीन दोनदा फुटून सरकली होती: एकदा इसवी सन १२९४ नंतर, पुन्हा १४२३ नंतर. एका खेपेला किमान ४.६ मीटर. माणसाच्या उंचीच्या अडीचपटीहून अधिक जमीन एका झटक्यात पुढे आलेली.

२००३ मध्ये जावेद मलिक आणि ताकाशी नाकाता यांनी खुद्द चंडीगड आणि पिंजोर दून यांच्या परिसरातले सक्रिय भ्रंश दाखवले. हवाई छायाचित्रांत त्यांना नदीच्या जुन्या काठांना कापत जाणारे, एका रेषेत उभे असलेले छोटे कडे दिसले. त्यांतल्या एका भ्रंशाला त्यांनी पिंजोरच्या मोगली बागेचं नाव दिलं. ज्या बागेत चंडीगडची कुटुंबं रविवारी डबे घेऊन जातात, तिच्या परिसरातली जमीन गेल्या काही हजार वर्षांत उचलली गेली आहे. चंडीगडजवळच्या कड्यात खणलेल्या चरातही मोठ्या भूकंपाचा पुरावा मिळाला.

आता मिडलमिस यांच्या नकाशातल्या त्या रिकाम्या जागेकडे पुन्हा पाहिलं गेलं. नंतरच्या अभ्यासांतून असं दिसू लागलं की १९०५ चा मूळ भंग कांगड्याच्या बाजूला होता आणि तो डेहराडूनपर्यंत पोचलाच नव्हता. डेहराडूनचं नुकसान वेगळ्या कारणानं, कदाचित पाठोपाठ झालेल्या दुसऱ्या धक्क्यानं झालं. म्हणजे मधला तुकडा १९०५ मध्ये तुटला नाही. उपग्रहाच्या मोजणीनुसार हिमालयाच्या या भागात जमीन दर वर्षी साधारण दीड सेंटीमीटरनं आवळली जाते. पंधराव्या शतकापासून आजवरचा हिशेब केला तर आठ-नऊ मीटर होतात. हे सगळं एकाच वेळी सुटेल असं कुणी म्हणत नाही, कधी सुटेल हेही सांगता येत नाही. पण खातं रिकामं नाही, एवढं नक्की.

शहराची सुरक्षितता जोखताना भूकंप आणि पाणी वेगळं ठेवता येत नाही, कारण दोन्ही त्याच डोंगरातून येतात. १९५८ मध्ये सुखना चोवर मातीचा बांध घालून तलाव झाला. शहराला त्याचं वेड लागलं, आणि तलावाला गाळाचं. काही वर्षांतच गाळानं तलावाचा मोठा भाग खाल्ला. उपाय शोधायला माती-पाणी संशोधन केंद्राचे पी. आर. मिश्रा वरच्या खेड्यांत गेले आणि सत्तरच्या दशकात सुखोमाजरी इथं गावकऱ्यांबरोबर त्यांनी छोटे बांध घातले. पाण्यात प्रत्येक घराचा वाटा, आणि बदल्यात डोंगरावर गुरं मोकाट सोडायची नाहीत. गाळ घटला, गवत वाढलं. राळेगणसिद्धीची गोष्ट ज्यांना पाठ आहे त्यांना हे नवं वाटणार नाही, पण सुखोमाजरी तिची समकालीन, आणि तिथे खालच्या शहराचा तलाव वाचवणं हे मूळ निमित्त होतं.

२०२३ च्या जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात चंडीगडवर चोवीस तासांत तीनशे मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला. सुखन्याचे दरवाजे उघडावे लागले. पाणी खालच्या वस्त्यांत गेलं. कॉर्बुझिए यांनी चोच्या पात्रात बाग आखून त्याला शहरात घेतलं, ही त्यांची थोर दृष्टी. पण शहराच्या हद्दीबाहेर, झिरकपूर-बलटानाच्या बाजूला, सुखन्याच्या पाण्याच्या वाटेत घरं उभी राहिली आहेत.

मुंबईसारख्या किनाऱ्यावरच्या शहराची सुरक्षितता तपासणारा माणूस समुद्राकडे तोंड करून उभा राहतो. भरती, वादळ, आणि १९४५ च्या नोव्हेंबरात मकरानच्या भूकंपानं मुंबईपर्यंत आलेल्या लाटा. तरी भूकंपापुरते त्याचे प्रश्न चंडीगडसारखेच असतात: धक्का किती मोठा, खालची जमीन कसली, वरची इमारत कसली. चंडीगडच्या उत्तरेला गोटे आणि भरड वाळू, दक्षिणेकडे जाल तसा बारीक गाळ, आणि नैऋत्येच्या भागात वरच्या थरातलं पाणी जमिनीच्या बरंच जवळ. बारीक, भिजलेली वाळू जोरात हलली तर तिची पकड सुटते. त्यामुळे सेक्टरचे आकडे सारखे दिसले तरी पायाखालची जमीन सारखी नाही.

इमारतींच्या बाबतीत मूळ आराखड्यानं नकळत मोठी मदत केली आहे. सेक्टर १ ते ३० हा पहिला टप्पा दीड लाख लोकांसाठी, बुटक्या, सुट्या घरांचा. दोन्ही टप्पे मिळून पाच लाखांची कल्पना होती. २०११ च्या जनगणनेत साडेदहा लाख माणसं निघाली. जुन्या भूखंडांवर घराचे मजले वेगवेगळ्या मालकांना विकून सदनिका करण्याचा सपाटा सुरू झाला, तो सर्वोच्च न्यायालयानं १० जानेवारी २०२३ रोजी पहिल्या टप्प्यापुरता रोखला. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती भूषण गवई अमरावतीचे. निकाल वारशाच्या आणि पर्यावरणाच्या भाषेत आहे, भूकंपाच्या नाही. पण दोन मजल्यांसाठी रचलेल्या विटांच्या भिंतींवर मजले चढवणं थांबलं, तर भूकंप अभियंताही त्यावर आनंदानं सही करील.

भीती आता शहराबाहेर आहे. १९६६ मध्ये पंजाब-हरयाणाची वाटणी झाल्यापासून चंडीगड केंद्रशासित, मोहाली पंजाबात आणि पंचकुला हरयाणात. तिन्ही वस्त्या एकमेकींत मिसळल्या आहेत, पण परवाने तीन ठिकाणी निघतात. खाली मोटारींसाठी नुसते खांब आणि वर मजल्यावर मजले, असल्या इमारतींची रांग झिरकपूर आणि खरडच्या रस्त्यांवर पाहिली की मला अहमदाबाद आठवतं. २६ जानेवारी २००१ च्या कच्छ भूकंपात केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या त्या शहरात अशाच इमारती खालच्या खांबांतून मोडून बसल्या. कांगडा चंडीगडपासून सरळ रेषेत त्याहून जवळ आहे, आणि पिंजोरचे भ्रंश तर मोटारीनं अर्ध्या तासावर.

सगळ्यात आधी तपासायला हवं ते चंडीगडचं पीजीआय रुग्णालय. १९६२ मध्ये स्थापन झालेली ही संस्था आज पंजाब, हरयाणा, हिमाचल आणि जम्मूपर्यंतच्या रुग्णांचा शेवटचा आधार आहे. बिलासपूर, सोलन, उना इथला गंभीर जखमी माणूस इकडेच आणला जातो. शिवालिकच्या कडेचा अजून न तुटलेला तुकडा तुटेल त्या दिवशी डोंगरातले जखमी आणि पीजीआयचे वॉर्ड एकाच वेळी हलतील. त्या रुग्णालयाच्या जुन्या इमारतींचे खांब, ऑक्सिजनच्या नळ्या, छतावरच्या टाक्या, जनरेटर बसवलेले ओटे, कालक्याहून येणारा रस्ता आणि घग्गरवरचे पूल यांची एकेक करून तपासणी तिन्ही सरकारांनी एकत्र बसून करायची आहे, आणि ती जमीन शांत असतानाच करता येते.